शिरूर-दौंडच्या आकाशातील उपग्रहवेध



२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एका शब्दाने लोकांची झोप उडविली होती. तो शब्द म्हणजे ड्रोन. शिरूर, दौंड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील अनेक गावांत रात्री आकाशात दिवे फिरताना दिसतात, ते चोरांनी टेहळणीसाठी सोडलेले ड्रोन आहेत, अशी बोलवा झाली. वाड्यावस्त्यांवर लोक जागू लागले, तरुणांची पथके काठ्या घेऊन गस्त घालू लागली आणि पोलीस ठाण्यांत तक्रारी येऊ लागल्या. त्या दिव्यांपैकी काही खरोखरच ड्रोन असतील. गावठाणांच्या मोजणीमुळे ड्रोन हे यंत्र आता ग्रामपंचायतींना नवे राहिलेले नाही, आणि त्याचा दुरुपयोग होऊ शकतो हेही खरे. परंतु आकाशात हलणारा प्रत्येक दिवा ड्रोन नव्हे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणारी विमाने या दोन्ही तालुक्यांवरून जातात. सायंकाळी पश्चिमेस ठळकपणे तळपणारी शुक्राची चांदणी ढगांच्या फटींतून एकाच जागी थांबलेल्या दिव्यासारखी भासते. आणि सूर्यास्तानंतर पहिल्या दीड-दोन तासांत निरभ्र रात्री माणसाने सोडलेले उपग्रह डोक्यावरून निःशब्दपणे जात असतात.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भ्यालेल्या जमावाच्या हाती रात्रीच्या वेळी कोणी अनोळखी वाटसरू सापडला तर काय होऊ शकते, याची कल्पना पोलीस पाटलांना द्यावयास नको. म्हणून दिवा दिसला असता तो कशाचा हे सांगू शकणारी चार-दोन माणसे प्रत्येक गावात असणे ही सुरक्षिततेचीच बाब आहे. ही माणसे तयार करण्यास दुर्बीण लागत नाही. डोळे, घड्याळ आणि थोडा अभ्यास एवढे पुरते.

प्रथम ओळख कशी पटवावी ते पाहू. ड्रोनला आवाज असतो, तो घोंघावतो. तो एका जागी थांबतो, मागे फिरतो, खाली उतरतो, आणि विजेरीवर चालत असल्यामुळे सामान्यतः अर्ध्या-पाऊण तासाच्या आत त्याला परतावे लागते. विमानाचे दिवे लुकलुकतात, त्यांत तांबडा व हिरवा रंग असतो आणि मागाहून आवाज येतो. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. उपग्रहाचे वर्तन या सर्वांहून निराळे. तो चांदणीसारखा दिसतो, पण चालतो. त्याला आवाज नाही, लुकलुकणारा दिवा नाही, वळण नाही, थांबणे नाही. एका क्षितिजाकडून निघून तीन ते सहा मिनिटांत तो आकाश ओलांडतो, आणि पुष्कळदा आकाशाच्या मध्यावरच, जणू कोणी फुंकर मारावी तसा, विझून जातो. उपग्रहाचे हे विझणेच लोकांना सर्वांत अधिक गूढ वाटते. वास्तविक ओळखीची ती सर्वांत भरवशाची खूण आहे.

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. जमिनीवर अंधार पडला तरी चारशे किलोमीटर उंचीवर ऊन असते आणि त्या उन्हात उपग्रहाचे पत्रे व सौरफलक चमकतात. टेकडीच्या पायथ्याला सावली पडून गेल्यावरही माथ्यावर ऊन रेंगाळते, तसाच हा प्रकार. तो पृथ्वीच्या सावलीत शिरला की दिसेनासा होतो. शिरताना काही सेकंद किंचित तांबूसही होतो. संध्याकाळी ही सावली पूर्वेकडून वर चढते, म्हणून संध्याकाळचे उपग्रह पूर्वेच्या बाजूस विझतात आणि पहाटेचे पश्चिमेच्या बाजूस अचानक उजळतात. चारशे-सव्वाचारशे किलोमीटर उंचीचा उपग्रह आपल्या डोक्यावर असताना सूर्यास्तानंतर सुमारे दीड तासापर्यंत उन्हात असतो. मध्यरात्री डोक्यावर फिरणारा दिवा मात्र इतक्या उंचीचा उपग्रह असू शकत नाही; तेव्हा विमानाचा किंवा अन्य कशाचा विचार करावा.

सर्वांत ठळक दिसणारा उपग्रह म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्याचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी सोडण्यात आला. सुमारे ९३ मिनिटांत ते पृथ्वीची एक प्रदक्षिणा करते. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली असल्यामुळे आपल्याकडून ते एकतर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना दिसते. सरळ उत्तर-दक्षिण कधीही जात नाही. सरळ उत्तर-दक्षिण जाणारा मंद ठिपका दिसला तर तो बहुधा ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह असतो. आपल्या देशाचे दूरसंवेदन उपग्रह अशाच मार्गाचे आहेत; त्यांपैकी पहिला, आय.आर.एस.-१ए, १७ मार्च १९८८ रोजी सोडला गेला. भारताचे शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा अनेक शाळांत मुलांना ते दाखविण्याची हौस होती. पण आपल्याकडे नेमके पावसाळ्याचे दिवस! ढगांपुढे कोणाचे चालत नाही.

२०१९ च्या मे महिन्यापासून या आकाशात आणखी एका दृश्याची भर पडली आहे. स्टारलिंक नावाच्या दळणवळण उपग्रहांची पहिली साठाची तुकडी तेव्हा सुटली, आणि आता त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. सोडल्यानंतर पहिले काही दिवस हे उपग्रह एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांतील दिव्यांसारखे, सरळ रांगेत जाताना दिसतात. दौंडसारख्या जंक्शनच्या गावी ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. अशी रांग दिसली की वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत दूरध्वनी खणखणू लागतात. गावात ज्याला हे ठाऊक आहे तो मुलांना अंगणात बोलावून ती रांग मोजावयास लावतो.

या विषयाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वर गेलेले कधी ना कधी खाली येते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भापासून खानदेशापर्यंत हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारे लांबलचक तुकडे पाहिले. कोणी उल्कापात म्हटले, कोणी विमान पडले म्हटले. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे लोखंडी कडे दिसावे असे एक धातूचे कडे येऊन पडले. आसपासच्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. पुढे जगभरच्या अभ्यासकांनी कक्षांच्या नोंदी जुळवून असे दाखविले, की हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चांग झेंग-३बी या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत. इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही गावी येऊन वस्तूंची पाहणी केली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण ज्या अंतराने ती टळली ते अंतर काही पावलांचेच होते, हे लाडबोरीच्या ग्रामस्थांनी प्रत्यक्ष पाहिले.

येथे उल्का आणि अवशेष यांतील फरक डोळ्यांनीच ओळखता येतो. उल्का क्षणात जाते. कोसळणारा अग्निबाण क्षितिजाच्या जवळजवळ समांतर, संथपणे, अर्धा-एक मिनिट किंवा त्याहूनही अधिक काळ जळत जातो आणि त्याचे तुकडे एकाच रेषेत मागेपुढे चालतात. असे दृश्य दिसल्यास वेळ सेकंदासह लिहून ठेवावी, कोणत्या ताऱ्यांजवळून ते गेले ते टिपावे, आणि गावाच्या शिवारात काही पडल्याचे आढळले तर तलाठी व पोलीस पाटील यांना तत्काळ कळवावे. वस्तूला हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये, भंगारात देण्याचा मोह तर मुळीच धरू नये. अग्निबाणाच्या टाक्यांत हायड्राझीनसारखे अत्यंत विषारी इंधन उरलेले असू शकते.

अमेरिकेतही असा प्रसंग घडला होता. १९६२ च्या सप्टेंबरात विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक या शहराच्या भर रस्त्यात एक तापलेला धातूचा तुकडा रुतून बसला. गस्तीवरील पोलिसांनी आरंभी तो साधे भंगार समजून दुर्लक्षिला. तो सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक-४ चा तुकडा आहे हे ओळखू येण्यास एका कामाची मदत झाली: हौशी निरीक्षक त्या उपग्रहाच्या उतरत्या कक्षेवर डोळे लावून बसलेले होते.

हे हौशी निरीक्षक आले कोठून? १९५६ मध्ये, म्हणजे पहिला उपग्रह सुटण्याच्याही आधी, स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी मूनवॉच नावाची योजना उभी केली. उपग्रह सुटला की तो नेमका कोठे आहे हे शोधण्यास शास्त्रज्ञ पुरणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून देशोदेशींच्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, गृहिणींना आणि दुकानदारांना त्यांनी या कामी लावले. पद्धत अगदी साधी. मैदानात उत्तर-दक्षिण दिशेच्या रेषेत एक उंच खांब उभारावयाचा, निरीक्षकांनी लहान दुर्बिणी घेऊन ओळीने बसावयाचे, आणि प्रत्येकाने आकाशाचा आपल्या वाट्याचा तुकडा राखावयाचा. उपग्रह कोठूनही आला तरी त्या अदृश्य कुंपणातून त्याला जावेच लागे. त्या क्षणी वेळेची नोंद होई. शेताच्या बांधावर राखणदार बसावेत तशीच ही व्यवस्था. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक सुटला आणि राखणदारांची परीक्षा झाली. (त्या दिवसांत ‘स्पुटनिक पाहिला’ असे सांगणाऱ्या बहुतेकांनी स्पुटनिक नव्हे, तर त्याच्यामागून फिरणारा अग्निबाणाचा मोठा भाग पाहिला होता. स्पुटनिकचा गोळा जेमतेम ५८ सेंटिमीटर व्यासाचा. तो नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीणच.) मूनवॉच १९७५ पर्यंत चालले. त्याच काळात उपग्रहांची छायाचित्रे घेण्यासाठी जगभर बारा ठिकाणी बेकर-नन जातीचे मोठे कॅमेरे बसविण्यात आले. त्यांपैकी एक आपल्या देशात नैनिताल येथे होता.

या डोळ्यांच्या कामातून काय निष्पन्न झाले, असे कोणी विचारील. इंग्लंडमधील डेझमंड किंग-हेली यांनी अशाच निरीक्षणांचा, त्यांत साध्या द्विनेत्रीने घेतलेल्या हौशी वेधांचाही, आयुष्यभर उपयोग केला. उपग्रहाची कक्षा हळूहळू कशी बदलते यावरून त्यांनी वरच्या हवेची घनता काढली आणि पृथ्वी किंचित नासपतीच्या आकाराची आहे, उत्तर ध्रुवाकडील समुद्रसपाटी दक्षिण ध्रुवाकडील सपाटीपेक्षा चाळीस-पंचेचाळीस मीटर दूर आहे, असे दाखविले. घराच्या अंगणातून पृथ्वीचा आकार मोजला जातो, ही गोष्ट शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडे या कामास अनुकूल परंपरा नाही असे नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना आकाश दाखवीत आली आहे. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी देशाच्या उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र उभे राहिले, आणि त्याच तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. एवढ्या मोठ्या यंत्रांच्या सावलीत राहणाऱ्या मुलांनी आकाशाकडे स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही मोजमाप करून पाहू नये, हे मात्र खटकते.

शिरूर व दौंड या दोन गावांना असा एक प्रयोग करता येईल, की जो एकट्या शिरूरला किंवा एकट्या दौंडला कधीच साधणार नाही.

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड यांमधील सरळ अंतर सुमारे ४६ किलोमीटर आहे. शिरूरहून पाहता दौंड दक्षिणेच्या पूर्वेस सुमारे २९ अंशांवर येते. चंद्राचे दोन्ही गावांतून दिसणारे स्थान ताऱ्यांच्या मानाने जवळजवळ एकच असते, कारण तो पावणेचार लाख किलोमीटरांहूनही दूर आहे. परंतु सव्वाचारशे किलोमीटर उंचीवरील अंतराळ स्थानक डोक्याजवळ असताना या दोन गावांतून सहा अंशांहून अधिक फरकाने दिसते. सप्तर्षीतील ध्रुवदर्शक दोन ताऱ्यांमधील अंतर साडेपाच अंशांच्या आसपास आहे. त्याहूनही हा फरक मोठा. म्हणजे शिरूरच्या मुलाला जे स्थानक एका ताऱ्यास चाटून जाताना दिसेल, तेच त्या क्षणी दौंडच्या मुलीला त्या ताऱ्यापासून चांगले दूर दिसेल. एक डोळा मिटून पुढे धरलेले बोट पाहावे आणि मग दुसरा डोळा मिटून पाहावे, तसा हा प्रकार. येथे शिरूर हा एक डोळा आणि दौंड हा दुसरा.

प्रयोग असा. दोन्ही गावांतील शाळांनी आपल्या गच्चीवर चुन्याची एक रेषा आखावी. ध्रुवतारा पाहून उत्तर-दक्षिण ठरवावी आणि दक्षिणेपासून पूर्वेकडे २९ अंश वळून रेषा ओढावी. तीच मागे वाढविली म्हणजे उत्तरेच्या पश्चिमेस २९ अंशांवर जाते. रेषेच्या दोन्ही टोकांस ओळंबे टांगलेले बांबू उभे करावेत. मूनवॉचच्या खांबाचीच ही युक्ती. फक्त दिशा आपल्या दोन गावांची. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणारे स्थानक ही रेषा जवळजवळ आडवी ओलांडते, म्हणून तेच मार्ग निवडावेत. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारे मार्ग रेषेला फार समांतर असल्याने उपयोगाचे नाहीत. दोन्ही शाळांची रेषा एकाच उभ्या प्रतलात असल्यामुळे स्थानक ती ओलांडते तो क्षण दोघांनाही एकच असतो. घड्याळे जुळविण्याची खटपटही फारशी उरत नाही. त्या क्षणी क्षितिजापासून स्थानकाची उंची किती अंश आहे, एवढेच मोजावयाचे.

साधन घरचेच: मोठा कोनमापक, त्याच्या सरळ कडेला बांधलेली कागदी नळी, आणि मध्यबिंदूपासून लोंबणारा दोरा व खिळा. साधन बरोबर आहे की नाही हे ध्रुवतारा सांगतो. त्याची उंची गावाच्या अक्षांशाइतकी, म्हणजे शिरूरला १९ अंशांच्या किंचित खाली आणि दौंडला साडेअठरा अंशांच्या आसपास, यावयास हवी.

समजा, स्थानक दौंडच्याही पलीकडे आग्नेयेच्या अंगाला आहे. शिरूरला त्याची उंची ७० अंश आली आणि दौंडला ७५.७ अंश. फळ्यावर एका सेंटिमीटरास पाच किलोमीटर हे प्रमाण घेऊन ९.२ सेंटिमीटरांचा पाया काढावा आणि दोन्ही टोकांवरून हे कोन लावावेत. रेषा पायाच्या वर सुमारे ८४ सेंटिमीटरांवर भेटतात, म्हणजे उंची सुमारे ४२० किलोमीटर. दहावीच्या त्रिकोणमितीत कोटिस्पर्शक शिकलेल्या मुलांना आकृतीचीही गरज नाही. पण दौंडला कोन मोजताना एक अंशाची चूक होऊन ७४.७ आले, तर उंची पाचशेच्या पुढे जाते. स्थानक डोक्यावर असताना एका सेकंदात सुमारे एक अंश सरकते, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून एका रात्रीच्या उत्तरावर समाधान मानू नये. पाच मुलांनी पाच साधनांनी मोजून मध्यम काढावा, आणि शक्य तेथे कोनमापकाऐवजी जवळच्या ताऱ्यांच्या आधाराने स्थान नकाशावर टिपावे. ताऱ्यांचा आधार कोनमापकाहून कितीतरी खरा.

ज्या प्रश्नापासून आरंभ केला, त्याचेही उत्तर याच त्रिकोणात आहे. दहा किलोमीटर उंचीवरील विमान शिरूरच्या अगदी डोक्यावर असेल, तर दौंडहून ते क्षितिजापासून जेमतेम बारा अंशांवर दिसेल. शंभर मीटर उंचीवरील ड्रोन शिरूरवर घिरट्या घालीत असेल, तर दौंडकरांना तो दिसणारच नाही. तेव्हा रात्री दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारावा: ‘तुमच्याकडे तो दिवा दिसतो का, आणि कोठे?’ दोन्हीकडे तो डोक्याजवळ असेल तर ड्रोनची शंका तेथेच संपते. शिरूरकरांना दिसतो आणि दौंडकरांना नाही, असे असेल तर पोलिसांना कळविण्यास सबळ कारण मिळते. पोलिसांनाही वेळ, दिशा आणि उंची यांसह मिळालेली माहिती नुसत्या ‘काहीतरी फिरते आहे’ यापेक्षा उपयोगी पडते.

स्थानक कोणत्या दिवशी, किती वाजता व कोणत्या दिशेने जाईल याचे वेळापत्रक आता मोबाइलवर गावाचे नाव टाकले की मिळते. तरी वेळापत्रक पाहण्यापूर्वी मुलांकडून अंदाज करवून घ्यावा. ९३ मिनिटांत पृथ्वी सुमारे २३ अंश फिरते, म्हणून पुढची फेरी आपल्या पश्चिमेस बऱ्याच दूरवरून जाते; ती दिसलीच तर क्षितिजाला धरून दिसते.

दोन अडचणी स्पष्ट सांगावयास हव्यात. पहिली उजेडाची. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींच्या बाजूचे आकाश आता पुरते काळोखे राहिलेले नाही, आणि ग्रामपंचायतींनी बसविलेले पांढरे एल.ई.डी. दिवे वरच्या बाजूस उघडे असतील तर गावठाणातूनही मंद तारे हरवतात. दिव्यावर टोपी बसविली तर रस्त्यावर उजेड वाढतो आणि आकाशही मोकळे होते. वीजबिलात काही भर पडत नाही. दुसरी अडचण बिबट्याची. शिरूर तालुक्यात उसाच्या आधाराने बिबट्यांनी किती घरांवर आघात केला आहे हे येथे कोणास सांगावयास नको. म्हणून निरीक्षणासाठी मुलांना शेतात, बांधावर किंवा उसाच्या कडेला उभे करू नये. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची गच्ची घ्यावी, सोबत मोठी माणसे असावीत, आणि आठच्या आत सर्वांना घरी पोहोचवावे. सायंकाळचे उपग्रह साधारण त्याच वेळात दिसून जातात.

दिवाळीनंतर आकाश निवळते आणि फाल्गुनापर्यंत काम चांगले चालते. प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी: दिनांक, वेळ, मार्ग, रेषेवरील उंची, कोणत्या ताऱ्याजवळून गेला, विझला असल्यास कोठे, आणि निरीक्षकांची नावे. पहिल्या महिन्यात अर्धे रकाने ‘ढग’ आणि ‘चुकले’ या दोनच शब्दांनी भरतील. ते तसेच लिहावेत, खोडू नयेत. मांडवगण फराटा किंवा पाटस येथील एखाद्या शाळेने तिसरे ठाणे म्हणून भाग घेतल्यास शिरूर-दौंडच्या मोजमापाची पडताळणी होईल. तिसऱ्या ठिकाणाची दिशा मात्र निराळी असल्याने तेथील गच्चीवरची रेषा नव्याने काढावी लागेल आणि त्या वेळी सेकंदाचे घड्याळ हाताशी लागेल.